इंडोनेशियन उच्चार आणि आहारशुद्धी

व्यापारानिमित्त जकार्ता वा सुराबाया येथे जाणाऱ्यांस इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत दिसते. परंतु ती इंग्रजीप्रमाणे वाचू नये. १९७२ च्या लेखनसुधारणेपासून तेथे 'सी' या अक्षराचा उच्चार 'च' होतो. संस्कृत 'काच' तेथे 'काचा' या रूपात नांदते. इंग्रजी वळणाने वाचल्यास तिचा 'काका' होतो! 'टी' म्हणजे 'त', तर 'ई' कोठे 'ए', कोठे आपला ऱ्हस्व 'अ'. म्हणून अंड्याला 'तलुर' म्हणावे.

'तान्पा' म्हणजे 'शिवाय'. 'तान्पा बावांग' म्हटल्यास कांदा व लसूण दोन्ही वगळले जातात, कारण दोहोंस 'बावांग' हाच मूळ शब्द आहे. साम्बाल चटणीसाठी मात्र 'तान्पा तरासी' असेही स्पष्ट सांगावे. तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचे वाटण, आणि ते चटणीत डोळ्यांना दिसत नाही.