कोलारचे सोने काढले कोणी?

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीचा इतिहास निघाला की लॅव्हेल या आयरिश सैनिकाचे नाव येते. १८८० मध्ये आलेल्या जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीचे गुणगान होते. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून खाणीत वीज आली, याचेही कौतुक होते. आमचा सवाल एवढाच, की खाली उतरले कोण?

उतरले ते उत्तर अर्काट, चित्तूरकडचे भूमिहीन अस्पृश्य. चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खडक फुटून माणसे गाडली गेली, दगडाच्या धुळीने फुप्फुसे सडली. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोने वर आले. ते काढणाऱ्यांच्या वाट्याला मात्र पत्र्या-तट्ट्यांच्या खोपटांच्या रांगा आल्या.

पण हे मजूर नुसते सोसत बसले नाहीत. पंडित अयोतीदासांच्या प्रेरणेने त्यांनी मारिकुप्पमला बौद्ध संघटना उभारली. बाबासाहेबांची धम्मक्रांती १९५६ ची. हे त्याच्या जवळपास अर्धशतक आधीचे! १९३० मध्ये बोटांचे ठसे देण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी संप पुकारला. गुन्हेगारांची रीत कष्टकऱ्यांना लावण्याचा अधिकार मालकाला कोणत्या न्यायाने मिळतो?

खाण १९५६ मध्ये सरकारची झाली आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडली. सोने गेले; सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर कामगारांच्या वस्त्यांशेजारी उरले. सोन्याचा हिशेब कंपनीने लिहून ठेवला. माणसांचा हिशेब आपल्यालाच लिहावा लागेल.