रद्दीची दोरी

ढाणकीच्या परिसरांत अंबाडीचा दोर कोणास ठाऊक नाहीं? अंबाडी कुजवून वाख काढावयाचा व त्यास पीळ द्यावयाचा. कागदहि वनस्पतीच्या तंतूंचाच बनतो. म्हणून घरांतील रद्दीचीहि दोरी वळतां येते. मात्र वर्तमानपत्राचे तंतु फार आखूड. त्यांस बळ येतें तें पिळानेंच.

कागद ज्या दिशेनें सरळ फाटतो त्याच दिशेनें दोन बोटें रुंद पट्ट्या काढाव्यात. पट्टी किंचित् ओलसर करून उजवीकडे पिळावी. असे दोन पेड झाले म्हणजे ते एकमेकांभोंवतीं डावीकडे वळावेत. प्रत्येक पेड उलगडूं पाहतो, आणि त्या ओढीनेंच दुसऱ्यास घट्ट धरतो. दोन्ही पेडांचे सांधे एके ठिकाणीं येऊं देऊं नयेत. उतावळ्या हातांची दोरी तेथेंच तुटते.

जपानांत तर खेड्यांतील लोक जुन्या हिशेबवह्यांच्या कागदाचे धागे करून ‘शिफू’ नांवाचें वस्त्र विणीत. अर्थात् तो कागद लांब तंतूंचा.

बाजारच्या प्लॅस्टिक सुतळीचे तुकडे उकिरड्यावरून गुरांच्या पोटांत जातात. ही दोरी मातींत मिळून जाते. पुस्तकांचे गठ्ठे तिनें खुशाल बांधावे. विहिरीच्या बादलीस मात्र ती लावूं नये. भिजतांच तंतूंची पकड सुटते.