वाद्याच्या पायांचा हिशेब

संगीत नाटकांच्या ऐन बहरात रंगमंचापुढे जी पायपेटी वाजे, तिचा भाता, तिच्या स्वरपट्ट्या आणि तिचे पाय एकाच लाकडी सांगाड्यात सामावलेले असत. उभ्या पियानोचे तर असे की, ओतीव लोखंडाची चौकट पोटात वागविणारे ते वाद्य बहुधा २०० किलोंच्या आसपास किंवा पुढेच भरत असल्यामुळे बोटांचा आघात त्याच्या वस्तुमानापुढे नगण्य ठरतो. विद्युत कीबोर्डने मात्र वाद्य आणि त्याचे अधिष्ठान यांची फारकत केली. १९७६ साली स्थापन झालेल्या आणि आज उत्तुंग इमारतींनी व्यापलेल्या नोएडात, नोकरीनिमित्त येऊन भाड्याच्या सदनिकेत बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबास हे सुटसुटीत वाद्य सोयीचे वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याचे पाय निराळे विकत घ्यावे लागतात, आणि ती खरेदी किंमत व वेष्टनावर नमूद केलेली भारक्षमता एवढ्यावरच उरकली जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

कारण भारक्षमता हा येथे कळीचा प्रश्नच नव्हे. ८८ पट्ट्यांचा हलक्या जातीचा डिजिटल पियानो सुमारे १२ किलोंचा असतो आणि तेवढे ओझे उभ्या दिशेने पेलणे पोलादी नळ्यांस मुळीच जड नाही. सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारा, फुलीसारखे एकमेकांस छेदणारे पाय असलेला जो एक्स स्टँड, त्याचा एकेक पाय १०० सेंटिमीटर लांबीचा धरला, तर वरच्या आधारांची उंची ६० सेंटिमीटर ठेवली असता त्यांच्यातील अंतर ८० भरते, आणि उभ्याने वाजविण्यासाठी उंची ८० केली की तेच अंतर ६० वर येते. काटकोन त्रिकोणाचा हा नियम कोणत्याही कारखानदारास मोडता येत नाही. मधोमध ठेवलेल्या १२ किलोंच्या वाद्याची शेवटची पट्टी मध्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे असे मानल्यास, पहिल्या स्थितीत ते वाद्य उलटविण्यास त्या टोकावर २४ किलोंचा भार लागेल, दुसऱ्या स्थितीत अवघ्या १२ किलोंचा. आणि एवढा भार तर टोकावर कोपर टेकून उठू पाहणारे लहान मूलही देऊ शकते.

दुसरी बाब डुलण्याची. चार दांड्या खिळवून केलेला चौकोन बाजूने रेटताच तिरपा होतो, त्रिकोण होत नाही; सबब टेबलासारख्या चौपायी स्टँडला तिरपा आधार किंवा पाठीमागे फळी असणे अगत्याचे आहे. प्रत्येक सांगाड्यास स्वतःची अशी कंपनसंख्या असते, आणि ढिल्या बोल्टांमुळे ती उतरून सेकंदाला दोनतीनपर्यंत आली, तर मध्यम लयीतील आघातांशी तिचा मेळ बसून अनुनादाने डोलणे वाढत जाते. सांगाड्याचा ताठपणा चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते. दुहेरी नळ्यांचा एक्स एकेरीपेक्षा म्हणूनच निःसंशय बरा. गुडघ्यांना व पेडलवरील पावलास मोकळी जागा देणारा झेड स्टँड, त्याच्या आडव्या नळ्या जाड असतील तर, माझ्या मते घरगुती सरावास अधिक योग्य. दुकानात दोन्ही तळहात टेकवून तो लांबीच्या दिशेने हलवून पाहावा. दहा सेकंदांच्या या परीक्षेइतका विश्वासार्ह दाखला दुसरा नाही.

तिसरी बाब उंचीची. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून सुमारे ७२-७३ सेंटिमीटरवर असतात. वाद्याची जाडी वजा जाता स्टँड ६० च्या आसपास लावावा आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीस येईल अशी बैठक योजावी. मूल लहान असल्यास स्टँड खाली न आणता आसन उंच करून पावलांखाली पाट देणे चांगले, म्हणजे मनगट लोंबकळत नाही.

उरला शेजारधर्म. रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्यास केवळ सूर ऐकू येतात, पण पट्टी तळाशी आदळल्याचा ठोका पायांतून फरशीत व फरशीतून खालच्या सदनिकेच्या छतात उतरतो, कारण हवेतील ध्वनीस अडविणारे काँक्रीट घन मार्गाने आलेले कंपन निमूटपणे वाहून नेते. पायांखाली रबराच्या चकत्या घालणे हा त्यावरील उपाय. मात्र फार मऊ फोमने वाद्याचे डुलणे पुन्हा वाढते, म्हणून रबर घट्ट असावे आणि प्रत्येक टेकूखाली सारख्याच जाडीचे असावे.