बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

पेण तालुक्यातील हमरापूर म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत आणि तिथल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. चतुर्थी जवळ आली की टेम्पोंची वर्दळ वाढते. मूर्ती भरल्या, ताडपत्री बांधली, चालकाने किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसते ‘टक् टक्’ ऐकू आले, तर काय होते याची कल्पना करा. तिथी काही आपल्यासाठी थांबत नाही. चार माणसे धक्का मारतात, गाडी सुरू होते, ती वेळ निभावते. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग कुणीतरी सल्ला देतो, “बॅटरी गेली, नवी टाका.” चार-पाच हजार रुपये घालून नवी बॅटरी येते आणि महिनाभरात तीही उतरते.

मंडळी, बॅटरी उतरणे हा बहुतेक वेळा आजार नसतो, ते आजाराचे लक्षण असते. ताप आला म्हणून आपण थर्मामीटर बदलत नाही. इथेही आधी कारण शोधायचे आणि मगच खिशात हात घालायचा.

बॅटरी म्हणजे विजेची टाकी समजा. टाकी रिकामी सापडली तर कारणे चारच असू शकतात. टाकीच खराब आहे आणि तिच्यात साठा राहत नाही. टाकी भरणारा पंप नीट चालत नाही. कुठेतरी एखादा नळ गळतो आहे. किंवा सगळे ठीक आहे, पण पंप पुरेसा वेळ चालवलाच जात नाही. गाडीतला पंप म्हणजे अल्टरनेटर. आपल्याकडचे जुने वायरमन त्याला अजून डायनामोच म्हणतात. या चार कारणांपैकी आपले कारण कोणते, हे काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर घरच्या घरी बरेचसे कळते. पुढचे आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथे आकडे दुप्पट धरावेत.

मीटर लावण्याआधी बॉनेट उघडून नुसते पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली आहे का? क्लॅम्प हाताने हलतो का? इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे का? कोकणच्या दमट हवेत हे फार होते. अशा वेळी बॅटरी भरलेली असूनही वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही, आणि दोष बॅटरीला लागतो. टर्मिनल सोडवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुवावे, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. सोडवताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी, हा नियम मोडू नये.

आता पहिली तपासणी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरा. १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त आले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी बंद केल्याबरोबर मोजू नका, कारण तेव्हा आकडा खोटा फुगलेला असतो. काही बंद बॅटऱ्यांवर हिरवी खूण दाखवणारी छोटी काच असते. तिच्यावरही फार विसंबू नये. बॅटरीत सहा सेल असतात आणि ती काच त्यातल्या एकाच सेलची हकिगत सांगते.

दुसरी तपासणी सेल्फ मारताना. मीटर तसाच ठेवा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा खाली येणारच. पण चांगली भरलेली बॅटरी साधारण १० व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकते. उभी असताना १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळली, तर टाकीच खराब असण्याची शक्यता मोठी. पाणी घालायच्या बॅटरीत ग्रॅव्हिटी तपासता येते. पाच सेल सारखे आणि सहावा बराच खाली, असे दिसले तर तो सेल गेला. आपल्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे काम देते. वय झालेले असेल आणि ती या परीक्षेत नापास झाली, तर नवी घेणे योग्यच. गाड्यांच्या बॅटरीची शत्रू थंडी, असे आपण परदेशी पुस्तकांत वाचतो. आपल्याकडे तिचे आयुष्य कमी होते ते उष्णतेने.

तिसरी तपासणी पंपाची. इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या आणि पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. तरी आकडा १३.५ च्या आसपास टिकायला हवा. इंजिन सुरू असूनही १२.५ च दिसले, तर चार्जिंग होत नाही. बेल्ट ढिला आहे, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत, रेग्युलेटर गेला आहे किंवा वायर तुटली आहे. उलट १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर आवरत नाही. बॅटरी उकळते आणि तिचे पाणी आटते. नव्या काही मोटारींत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून त्या गाड्यांत एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये.

टाकी चांगली, पंप चांगला, तरी सकाळी बॅटरी रिकामी. मग गळती शोधायची. ही चौथी तपासणी थोडी नाजूक आहे. गाडी बंद, किल्ली बाहेर, सर्व दिवे बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि टोक व वायर यांच्यामध्ये मीटर जोडा, १० अँपिअरच्या घरात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. नव्या गाड्यांतील यंत्रणा झोपी जायला वेळ घेतात, म्हणून अर्धा-पाऊण तास थांबा. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज जात असेल तर ते चालते. घड्याळ, लॉक यांना तेवढी लागतेच. आकडा त्याहून बराच मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा. ज्या फ्यूजबरोबर आकडा धप्पकन खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे.

हा चोर किती खातो याचा हिशेब करू. डिकीतला ५ वॅटचा बल्ब विझला नाही, तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. दिवसाला दहा अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे दोन दिवसांत निम्म्याहून अधिक साठा संपला. बहुतेक वेळा चोर निघतो तो बाहेरून बसवलेल्या वस्तूंत: म्युझिक सिस्टीम, रिमोटचे लॉक, कॅमेरा, गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र. फास्टॅगवर मात्र उगाच संशय घेऊ नका. त्याचा गाडीच्या बॅटरीशी काहीही संबंध नसतो. एकही फ्यूज काढून आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड पाहावा. तो बिघडला की वीज उलटी वाहते आणि बंद गाडीतही अल्टरनेटर कोमट लागतो. हे काम वायरमनकडेच द्यावे.

राहिले चौथे कारण, वापराचे. हमरापूरसारख्या ठिकाणी हे फार लागू पडते. सामान भरताना तासन् तास दार उघडे, आतला दिवा चालू, गाणी चालू, इंजिन बंद. मग पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर लावून पेण बाजारापर्यंत जायचे, वाटेत अडकून उभे राहायचे. नुसते दोन हेडलाइट ११० वॅट म्हणजे सुमारे ९ अँपिअर खातात, आणि इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर कमी वीज देतो. हंगाम संपला की तीच गाडी तीन-तीन आठवडे हलत नाही. एक गैरसमज इथे दूर करायला हवा. एकदा सेल्फ मारण्याचा खर्च मिनिटा-दोन मिनिटांत भरून निघतो. पण निम्मी रिकामी बॅटरी पनवेलच्या एका फेरीत भरत नाही. तिला चार्जरवर कित्येक तास लागतात. आणि रिकामी ठेवलेली बॅटरी लवकर मरते, कारण आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर बसलेला थर कडक होऊन पुन्हा विरघळत नाही. म्हणून उभ्या गाडीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, किंवा महिन्यातून एकदा बॅटरी चार्जिंगला लावावी.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. मग चांगल्या बॅटरीचे निगेटिव्ह बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून दूर. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. विडी-काडी लांब ठेवा. ॲसिड डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा.

जुनी बॅटरी बदललीच, तर ती दुकानदाराकडे परत द्या. ती भंगारात फोडली जाऊ नये. तिच्यातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

तेव्हा पुढच्या वेळी वायरमनकडे जाताना “बॅटरी डाऊन होते” एवढेच सांगू नका. सकाळचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, इंजिन सुरू असतानाचे व्होल्ट आणि बंद गाडीतून जाणारी वीज, हे चार आकडे कागदावर लिहून न्या. चांगला वायरमन ते पाहून थेट दुखण्यावर बोट ठेवील, आणि नवी बॅटरी गरज असेल तेव्हाच घ्यावी लागेल.