टिळकांची उषा आणि ट्रोम्सोचा सूर्य

दिंडोरीत वर्षातला सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. आपला सूर्य क्षितिजावरून बराचसा सरळ वर चढतो. थंडीच्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागणाऱ्या माणसाला हे चांगले ठाऊक असते. तांबडे फुटले म्हणेपर्यंत ऊन बागेत उतरलेले असते. अशा मुलखातल्या माणसाला महिनाभर चालणारी पहाट कशी असते, हे सांगून कळत नाही.

तरीही वीस वर्षे मी ते व्याख्यानांतून सांगत आलो. माझे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान आहे, शिक्षण बारावीपर्यंतचे. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा १९०३ सालचा ग्रंथ मी शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळ्यांत वाचून काढला. त्यानंतर गणेशोत्सवात आणि शाळांतून ‘आपले पूर्वज उत्तर ध्रुवावरचे’ या विषयावर बोलत राहिलो. एकदा एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही तिथली पहाट पाहिली आहे का?” मी म्हणालो, टिळकांनी तरी कुठे पाहिली होती! सभा हसली, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. गेल्या जानेवारीत, संक्रांतीचा तिळगूळ देऊन-घेऊन, मी उत्तरेला निघालो. पुतण्या हेलसिंकीत नोकरीला असल्यामुळे ते जमले.

ग्रंथात काय आहे

टिळकांचे उत्तर टोकाचे सगळे भ्रमण पुस्तकांतूनच झाले. खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये लंडनला राहिले, तेही ग्रंथ निघाल्यानंतर पंधरा वर्षांनी. ग्रंथाचा मुख्य आधार ऋग्वेदातील उषासूक्तांचा. तिथे उषा अनेकदा अनेकवचनात येते. पहिला उजेड आणि सूर्योदय यांच्यामध्ये पुष्कळ दिवस गेले, असा उल्लेख सापडतो. तैत्तिरीय संहितेत तीस उषा बहिणी म्हणून येतात. तैत्तिरीय ब्राह्मणात माणसाचे वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस असे म्हटले आहे. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्ये मानवजातीचे मूळ स्थान उत्तर ध्रुवावर असल्याचे मांडले होते. टिळकांनी त्यांची मदत घेतली आणि वेदांतल्या वर्णनांना ध्रुवाजवळची प्रभात जुळते, असा निष्कर्ष काढला. इ. स. पूर्व १०,००० ते ८,०००च्या सुमारास हिमयुगाने ती भूमी राहण्याजोगी ठेवली नाही आणि आर्य दक्षिणेकडे निघाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे सर्वांना पटले नाही. पुण्याच्याच ना. भ. पावगींनी १९१५ मध्ये सप्तसिंधूचा पक्ष इंग्रजी ग्रंथातून मांडला.

ट्रोम्सो

हेलसिंकीहून रोव्हानिएमीपर्यंत रात्रीची रेल्वे आहे. ते शहर आर्क्टिक वृत्ताला लागून आहे. पुढे बसने नॉर्वेत गेलो. ट्रोम्सो साधारण ६९ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर, एका बेटावर वसले आहे. २७ नोव्हेंबरच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो, तो थेट जानेवारीच्या मध्यावर क्षितिजाशी येतो. या काळाला नॉर्वेजियन लोक ‘मर्केतिद’ म्हणतात, फिनलंडमध्ये ‘कामोस’. इतक्या उत्तरेला असूनही बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याने वर येतो. सायबेरियातले व्हर्खोयान्स्क याहून दक्षिणेला आहे, पण तिथल्या जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४०च्याही खाली असते. ट्रोम्सोत ते उणे चारच्या आसपास.

माझी समजूत होती की सात आठवडे तिथे काळी रात्र असते. ती पहिल्याच सकाळी मोडली. बावीस डिसेंबरलाही भरदुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. मी गेलो तेव्हा तर सकाळी आठपासूनच आकाश निळे होऊ लागे. मग आग्नेयेला गुलाबी पट्टा उमटे आणि क्षितिजाच्या कडेकडेने दक्षिणेकडे सरके. दुपारी तीनपर्यंत तो नैऋत्येला जाऊन विझे. पहाट आणि संध्याकाळ यांच्यामध्ये दिवस असा नव्हताच. बर्फाळ डोंगरांची शिखरे तेवढी वरून तांबूस होत आणि खाली रस्त्यावर दिवे चालूच असत. पहाट चालते, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते, हे मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर पुलाच्या कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिलो.

दक्षिणेच्या डोंगरांमुळे गावातून सूर्य दिसायला २१ जानेवारी उजाडतो. त्या दिवसाला तिथे सूर्यदिन म्हणतात आणि शाळा-कचेऱ्यांतून गोड, तळलेले ‘सोलबोले’ खातात. आदल्या आठवड्यात आपल्याकडे संक्रांत झालेली असते. सूर्य वळल्याचा आनंद दोन्हीकडे गोडानेच साजरा होतो. त्या दुपारी ढग होते. दोन मिनिटे केशरी कड दिसली आणि गेली. फुटपाथवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

वहीतला हिशेब

खोलीवर परतल्यावर वही काढली. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांपर्यंत असला तर आकाशात थोडा तरी उजेड राहतो. नेमक्या ध्रुवावर अशी अखंड प्रभात सुमारे पन्नास दिवस चालते. टिळकांचे हे खगोल बरोबर आहे. पण ट्रोम्सोसारख्या ठिकाणी दररोज मध्यरात्री काळोख होतो, म्हणजे अखंड प्रभात नाहीच. मग सलग तीस दिवसांची प्रभात कुठे मिळेल? आकडे मांडले तेव्हा उत्तर आले, साधारण साडेशहाऐंशी अंशांच्या वर. तिथे जमीन नाही. जगातली सर्वांत उत्तरेकडची जमीन ग्रीनलंडच्या टोकाला, ८३ अंशांच्या थोडी वर. तिथे अखंड प्रभात जेमतेम दोन आठवडे टिकते. त्यापुढे ध्रुवापर्यंत समुद्र आणि तरंगता बर्फ. नॉर्वेचा नान्सेन १८९५ मध्ये ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत बर्फावरून पोचला होता आणि त्याच्या ‘फ्राम’ जहाजाने तो समुद्र फार खोल असल्याचे दाखवले होते. ग्रंथ निघाला तेव्हा ध्रुवावर मात्र कोणीही पोचलेले नव्हते, हेही टिळकांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण बर्फाची. आजच्या भूविज्ञानाप्रमाणे सुमारे २०,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले. म्हणजे टिळक ज्या काळात थंडी आली म्हणतात, त्या काळात ती ओसरत होती. याची खूण आजही मोजता येते. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा अजून वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर वर येतो आहे. शिवाय तीस उषा म्हणजे महिन्याच्या तीस पहाटा, असा सरळ अर्थही लागतोच.

विल्नियसमध्ये

परतताना हेलसिंकीहून दोन तासांच्या बोटीने टालिनला आणि तिथून बसने रीगामार्गे लिथुआनियाच्या विल्नियसला गेलो. कारण एकच, तिथली भाषा. लिथुआनियनमध्ये अग्नी म्हणजे ‘उग्निस’, मेंढी ‘अविस’ (संस्कृत अवि), पुरुष ‘वीरस’ (वीर), मुलगा ‘सूनुस’ (सूनु), दात ‘दान्तिस’ आणि चाक ‘रातस’ (रथ). बाजारातल्या आजीबाईंना मी दाताला बोट लावून “दात” म्हटले. त्यांनी “दान्तिस” म्हटले आणि हसल्या.

म्हणजे नाते आहे, पण ते ध्रुवावर जुळत नाही. या भाषांचा समान पूर्वज काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मैदानांत असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा सहभाग असलेल्या संशोधनात राखीगढीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यातील जनुके वाचली गेली. त्यांत त्या मैदानी लोकांचा अंश आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने तो अंश इ. स. पूर्व २००० ते १५००च्या दरम्यान भारतात आल्याचे सांगितले. हाडांवरून भाषा कळत नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण या वादात ध्रुवाला आता जागा उरलेली नाही.

जाणाऱ्यांसाठी

फिनलंड, नॉर्वे आणि बाल्टिक देश एकाच शेंगेन व्हिसावर होतात. लोक जातात ते ध्रुवीय प्रकाश पाहायला. त्याला निरभ्र आकाश लागते, तेव्हा तीन-चार रात्री हाताशी ठेवाव्यात. मध्यरात्रीचा सूर्य ट्रोम्सोत २० मेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. पण माझे ऐकाल तर जानेवारीत जा आणि दुपारी बारा वाजता दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा.

टिळकांबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. पुण्यात बसून, पंचांग आणि गणिताच्या आधारे, त्यांनी न पाहिलेल्या आकाशाचे जे वर्णन केले ते तिथे उभे राहून पडताळता येते. इतिहास मात्र त्या आकाशातून निघत नाही. वीस वर्षे मी या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या सांगितल्या, ही माझी चूक. ज्या शाळांत मी ते बोललो, त्यांपैकी चार शाळांत या वर्षी पुन्हा जाऊन हा हिशेब फळ्यावर मांडून आलो. उरलेल्यांची यादी दुकानातल्या भिंतीवर लावली आहे. तो प्रश्न विचारणारा मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या हाती हा अंक पडला, तर त्याला इतकेच सांगायचे आहे: पहाट पाहून आलो.