पडद्यामागचे त्रिकोण (१४) : सव्वासहा कोटी डॉलरचा सातबारा

या आठवड्यात फ्रॅगमेंट प्रोग्रॅमकडे वळायचं ठरलं होतं, ते लांबणीवर टाकतोय. सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘ओपनजीएल जर खुलं मानक होतं, तर मायक्रोसॉफ्टला त्यावर हक्क सांगताच कसा आला?’ प्रश्न इतका नेमका आहे की दोन ओळींत त्याची बोळवण करणं जिवावर आलं.

मानक खुलं म्हणजे त्याचा मसुदा कुणीही वाचावा आणि त्याबरहुकूम ड्रायव्हर लिहावा. पण मसुद्यातली एखादी युक्ती कुणाच्या पेटंटमध्ये बसत असेल, तर मसुदा खुला आहे म्हणून ते पेटंट काही रद्द होत नाही. रस्ता गावाच्या वहिवाटीचा आणि खालच्या जमिनीचा सातबारा भलत्याच्याच नावावर, हे आपल्याला नवीन नाही.

ओपनजीएल, म्हणजे प्रोग्रॅमने ग्राफिक्स चिपला चित्र काढायला सांगण्याचं मानक, १९९२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिस जीएलमधून निघालं. या क्षेत्रातली बरीच पेटंटं त्याच कंपनीकडे होती. ती ओपनजीएलवरच जगत असल्यामुळे कुणाला घोर नव्हता. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पीसीत बसणाऱ्या स्वस्त कार्डांनी तिच्या महागड्या वर्कस्टेशनांचं दुकान उठवत आणलं. १९९८ मध्ये तिने एनव्हिडियावर पेटंटचा खटला भरला आणि पुढच्याच वर्षी तडजोड केली. मग २००२ च्या जानेवारीत बातमी फुटली, की तिने ग्राफिक्सची पेटंटं मायक्रोसॉफ्टला दिली आहेत. किंमत ६ कोटी २५ लाख डॉलर.

इथे रिक बेलुझो यांचं नाव हमखास निघतं. एचपीतून येऊन १९९८ मध्ये ते सिलिकॉन ग्राफिक्सचे प्रमुख झाले, त्यांच्या काळात विंडोज एनटीवरची वर्कस्टेशनं बाजारात आली, १९९९ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २००१ मध्ये तिथले अध्यक्ष झाले. यात कट शोधणारे आजही भेटतात. मला तो दिसत नाही. तोट्यातल्या कंपनीला रोकड हवी होती आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. एवढ्यात सगळं उलगडतं.

आता जून २००२ ची एआरबीची, म्हणजे ओपनजीएलचा मसुदा ठरवणाऱ्या मंडळाची, बैठक. मायक्रोसॉफ्ट या मंडळाची संस्थापक सदस्य. डायरेक्ट३डी ही तिची घरची वेगळी चूल असली, तरी बैठकीतली खुर्ची तिने सोडली नव्हती. विषय होता गेल्या वेळी पाहिलेल्या व्हर्टेक्स प्रोग्रॅमच्या विस्ताराचा, म्हणजे मूळ मानकाला जोडायच्या पुरवणीचा. मायक्रोसॉफ्टची भूमिका इतिवृत्तात नोंदली गेली ती अशी : या विस्तारात आमचा हातभार नाही, पण त्याच्याशी संबंधित पेटंट हक्क आमच्याकडे आहेत असं आम्हाला वाटतं; समोरचाही आपले हक्क आम्हाला देणार असेल, तर वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर आम्ही परवाना देऊ.

हक्क नेमका कशावर? त्या प्रोग्रॅमची सुरुवात आठवा. शिरोबिंदूचे चार आकडे घ्यायचे, मॅट्रिक्सच्या एका ओळीतले चार घ्यायचे, जोडीजोडीने गुणून बेरीज करायची. ही झाली एक डीपी४ सूचना. अशा चार लिहिल्या की बिंदू पडद्यावरच्या आपल्या जागी जायला तयार. हे गणित कुणाच्या मालकीचं नाही. पण वापरकर्त्याने लिहून दिलेला असा प्रोग्रॅम चिपमध्ये प्रत्येक शिरोबिंदूवर चालवण्याची रचना कशी करायची, यावर मात्र पेटंट मागता येतं.

‘वाजवी अटी’ ऐकायला बऱ्या वाटतात, आणि चिप विकणाऱ्याला त्या परवडतातही. तो नगामागे काही रक्कम मोजतो आणि किमतीत घालतो. पण ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘मेसा’चं काय? ओपनजीएलचा हा मुक्त अवतार कुणीही उतरवून घ्यावा, दहा जणांना वाटावा. प्रतीच मोजता येत नाहीत, तिथे प्रतीमागे पैसे भरणार कोण? वाजवी दराने मुक्त सॉफ्टवेअरचाच रस्ता अडतो, तो असा.

त्याच बैठकीत मंडळाने हा विस्तार मंजूर केला, हे मला फार आवडतं. त्याच्या अधिकृत मसुद्यात बौद्धिक संपदेचा एक छोटा परिच्छेद आहे. एनव्हिडियाबद्दल लिहिलंय, की तिचा हक्काचा दावा आहे आणि तिने मंडळाच्या करारावर सही करून परवाना दिला आहे. पुढचं वाक्य मायक्रोसॉफ्टबद्दल : तिचाही हक्काचा दावा आहे. पूर्णविराम. परवान्याचा शब्द नाही.

पुढे? मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट मंडळातून बाहेर पडली. २००४ मध्ये आलेल्या ‘डूम ३’ने नेमका हाच विस्तार वापरला, तोही मायक्रोसॉफ्टच्याच विंडोजवर. मेसानेही तो घेतला. दावा न्यायालयात कधी गेलाच नाही. म्हणून काही जण म्हणतात, भीती फुकटची होती. मला हे पटत नाही. न्यायालयात गेलेला दावा निदान टिकतो किंवा फेटाळला जातो. न गेलेला तसाच लटकत राहतो, आणि वकील ठेवण्याची ऐपत नसलेल्यालाच तो जास्त जाचतो.

तेव्हा सांगलीकरांना उत्तर असं : मानक खुलं राहतं ते त्या परिच्छेदातल्या सहीमुळे. २००६ मध्ये ओपनजीएल ख्रोनोसकडे गेलं. तिथे सदस्य होतानाच, मंजूर मानकाला आवश्यक असलेल्या पेटंटांबाबत ते राबवणाऱ्यांना त्रास न देण्याचं बंधन पत्करावं लागतं. मर्यादा आणि अपवाद आहेतच, पण बोलणी आधी, मसुदा मागाहून.

फ्रॅगमेंट प्रोग्रॅम पुढच्या आठवड्यात नक्की. एस३टीसी या पोत-संकुचनाच्या पद्धतीवरच्या पेटंटपायी मेसाला ती २०१७ पर्यंत आपल्या मुख्य कोडबाहेर ठेवावी लागली, त्याबद्दल मात्र मध्येच कुणी विचारू नका. मी सांगत बसेन.