लिहायची अक्षरं तीन, उच्चार शून्य

अकरावीला गुणांच्या आशेने फ्रेंच घेणाऱ्यांना ‘बोलणे’ या अर्थाचं ‘पार्ले’ हे क्रियापद सुरुवातीलाच भेटतं. वर्तमानकाळाची रूपं वहीत उतरतात आणि घोळ वाचताना होतो. मी, तू, तो आणि ते यांची रूपं लिहायची तीन तऱ्हांनी, पण म्हणायचं एकच: ‘पार्ल’. ‘ते’च्या रूपाला शेवटी ई-एन-टी लागतं आणि कागदावर दोन सिलॅबल दिसतात. तोंडातून निघतो एकच. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला मात्र ‘पार्लों’, ‘पार्ले’ असे दोन.

हेच ई-एन-टी विशेषणाच्या शेवटी आलं की बोलू लागतं. एकाच स्पेलिंगचा ‘कोंताँ’ म्हणजे समाधानी, आणि ‘कोंत’ म्हणजे (ते) गोष्ट सांगतात. आधी व्याकरण ओळखायचं, मग तोंड उघडायचं!

क्रियापदाच्या शेवटचा हा ‘त’ लॅटिनमधून आलेला. तिथे तो ऐकू यायचा, फ्रेंचमध्ये झिजला. प्रश्न विचारताना तो परततो: ‘ते बोलतात का?’ म्हणजे ‘पार-ल-तील?’. त्याच्या देखादेखी ‘तो बोलतो का?’मध्येही दोन जोडरेघांच्या मधे एक ‘त’ घुसवला गेला. परिणामी दोन्ही प्रश्न कानाला सारखेच.

मग अनेकवचन कळतं कसं? पुष्कळदा क्रियापदाच्या तोंडाशी. ‘तो प्रेम करतो’ हे ‘ई-लेम’, ‘ते प्रेम करतात’ हे ‘ईल-झेम’ (‘झरा’मधला झ, ‘झेंडा’मधला नव्हे). सिलॅबल शक्यतो व्यंजनाने सुरू व्हावा हा फ्रेंचचा हट्ट, त्यापायी शब्दांच्या सीमा ओलांडल्या जातात. सर्वनामाचा मुका ‘एस’ स्वर दिसताच जागा होतो. ‘पार्ल’ व्यंजनाने सुरू होतं, तिथे संदर्भावरच भिस्त. ‘संपवणे’ दयाळू आहे: ‘फिनी’ एकवचन, ‘फिनिस’ अनेकवचन.

मराठी माणसाने यावर फार नाक मुरडू नये. आपणही ‘करतो’ तीन अक्षरांत लिहितो आणि ‘कर्-तो’ असं दोन तुकड्यांत म्हणतो.

फ्रेंचमधल्या जुन्या छंदोबद्ध कवितेत मात्र पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल, तर ‘पार्ल’मधला शेवटचा मुका ‘ई’ सिलॅबल म्हणून मोजावाच लागतो, नाहीतर अलेक्झांद्रँ वृत्ताची ओळ 12 भरत नाही. मार्सेयकडची माणसं तर रोजच्या बोलण्यातही तो ‘ई’ सोडत नाहीत. पॅरिसचं एका सिलॅबलचं ‘पार्ल’ तिकडे ‘पार-ल’ असं ऐकू येतं.